खोडलेलं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात शिकतो. जून महिन्यात सुट्टीवर आला होता. एका रात्री जेवणं झाल्यावर तो मोबाईलवर मला तिथल्या कॉलेज फुटबॉलचे सामने दाखवत बसला. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू छातीशी धरून धावत सुटायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, असा हा खेळ. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर जाड गाद्या. भाचा म्हणाला, "मामू, तीनशे पौंडांची माणसं कशी पळतात बघा! तुमच्या त्या रॉबसनचा यांच्यापुढं पाच मिनिटं तरी टिकाव लागला असता का?"

'तुमचा तो रॉबसन' म्हणजे पॉल रॉबसन. आपण त्याला गायक म्हणून ओळखतो. त्याच्या धीरगंभीर आवाजातल्या 'ओल्ड मॅन रिव्हर' या गाण्यानं भूपेन हजारिकांना गंगेवरच्या गाण्याची प्रेरणा दिली, हेही अनेकांना ठाऊक असेल. पण गायक होण्याआधी तो रटगर्सचा फुटबॉलपटू होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. भाचा शिकायला निघाला तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं होतं, "तिथं रॉबसनची आठवण कुठं दिसली, तर फोटो पाठव."

भाच्याचा प्रश्न खोटा नव्हता. रॉबसन सहा फूट तीन इंच उंच होता आणि त्या काळात धिप्पाड गणला जाई. आज प्रत्येक मोठ्या संघात त्याच्याहून कितीतरी वजनदार खेळाडू असतात. त्यांचा आहार मोजलेला असतो, झोप मोजलेली असते. धावण्याच्या आणि वजनाच्या हिशेबात जुनी माणसं हरणारच. पण दोन काळांतल्या खेळाडूंची तुलना तेवढ्यावर संपते का, हा प्रश्न माझ्या मनात राहिला.

कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना रटगर्सच्याच गावी झाला. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्सनं प्रिन्स्टनला ६-४ असं हरवलं. तेव्हाचे नियम आजच्याहून फार वेगळे होते, पण अमेरिकेत या खेळाचा जन्म त्या दिवशी झाला असं मानतात. रॉबसनचा जन्म त्याच प्रिन्स्टन गावातला, १८९८ सालचा. वडील गुलामगिरीतून पळून आलेले आणि पुढं धर्मोपदेशक झालेले. गावातल्या विद्यापीठात तेव्हा काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. पॉलनं परीक्षा देऊन शिष्यवृत्ती मिळवली आणि १९१५ साली तो रटगर्सला गेला. लक्षात घ्या, ही शिष्यवृत्ती अभ्यासाची होती. खेळासाठी त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

सरावाच्या पहिल्याच दिवशी आपल्याच संघातल्या मुलांनी त्याचं नाक फोडलं, खांदा दुखावला. दहा दिवस तो अंथरुणावर होता. खेळ सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं. पण वडिलांची शिकवण आठवली: तू तिथं एकटा नाहीस, ज्यांना शिकायचं आणि खेळायचं आहे अशा सगळ्या मुलांचा तू प्रतिनिधी आहेस. तो परत मैदानावर गेला. मग एकानं खिळ्यांच्या बुटानं त्याचा हात तुडवला, नखं उखडली. तेव्हा मात्र संतापून त्यानं समोरच्याला डोक्यावर उचललं. आता हा त्याला आपटणार, तोच प्रशिक्षक ओरडला, "रॉबी, तू संघात आहेस!" हा प्रसंग पुढं रॉबसननं स्वतःच सांगितला आहे.

पण संघात येणं वेगळं आणि मैदानात असणं वेगळं. १४ ऑक्टोबर १९१६. रटगर्सच्या स्थापनेला दीडशे वर्षं झाल्याचा उत्सव चालू होता. पाहुणा संघ व्हर्जिनियातला, वॉशिंग्टन अँड ली. काळा खेळाडू समोर असेल तर आम्ही खेळणार नाही, असं त्यांनी कळवलं. रटगर्सनं रॉबसनला बाहेर बसवलं. सामना व्यवस्थित पार पडला. तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, जेम्स कार यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहून याचा जाब विचारला. कार हे रटगर्सचे पहिले काळे पदवीधर, १८९२ सालचे. पत्र लिहायला निदान एक माणूस होता, याचं मला बरं वाटतं.

१९१७ आणि १९१८ या दोन्ही वर्षी रॉबसनची देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत, म्हणजे 'ऑल-अमेरिकन' म्हणून निवड झाली. पुढं कोलंबियात कायदा शिकताना १९२१ आणि १९२२ मध्ये तो पैसे घेऊन व्यावसायिक फुटबॉलही खेळला. तेव्हा जुने खेळाडू निव्वळ हौसेखातर खेळत आणि आजचे पैशासाठी खेळतात, असं म्हणण्यात अर्थ नाही. पैशाची गरज त्यांनाही होती.

फरक वेगळा आहे. आज कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावाचे पैसे मिळतात. २०२१ पर्यंत मनाई होती. मैदानं भरून जात, प्रशिक्षकांना कोट्यवधी डॉलर मिळत, पण ज्याच्या नावाचा सदरा घालून लोक सामना पाहायला येत, त्या मुलानं पैसे घेऊन स्वतःची सही दिली तरी तो गुन्हा ठरे. १ जुलै २०२१ पासून नाव आणि छबी वापरू देण्याचा मोबदला घ्यायची मुभा मिळाली. २०२५ मध्ये एका खटल्यातल्या तडजोडीनंतर कॉलेजंही आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजमागं सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. मला हे योग्यच वाटतं. घाम ज्याचा, त्याला दाम मिळावा.

आणि रॉबसनच्या नावाचं काय झालं? तो जगभर गायला, १९४३ मध्ये ब्रॉडवेवर ऑथेल्लो झाला. काळ्यांच्या हक्कांबद्दल, वसाहतींच्या स्वातंत्र्याबद्दल उघड बोलला. सोव्हिएत रशियाचा तो मित्र होता. स्टालिनच्या जुलमांबद्दल मात्र गप्प राहिला, ही त्याची चूकच. पण त्याला शिक्षा मिळाली ती बोलण्याची. १९५० साली त्याचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत दिला नाही. इतकंच नाही, १९१८ च्या सर्वोत्तम खेळाडूंच्या जुन्या यादीतून त्याचं नाव काही नोंदवह्यांमध्ये खोडून टाकलं. जो सामना तो खेळला, तो जणू खेळलाच नाही! त्याच १९५८ साली त्याचा साठावा वाढदिवस आपल्या देशात साजरा झाला. पंडित नेहरूंनी त्याला जाहीर पाठिंबा दिला. समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला.

यादीतलं नाव खोडणं म्हणजे काय, हे मला थोडं कळतं. कॉलेजात असताना मी एका मासिकाला कविता पाठवली होती. संपादकांचं उत्तर आलं: कविता चांगली आहे, पण मूळ कविता उर्दूत कुणाची, आणि अनुवादक कोण, ते कळवावं. माझं नाव आणि माझी मराठी यांचा मेळ त्यांना बसत नव्हता. मी पत्र फाडायला निघालो होतो. अब्बांनी ते माझ्या हातून घेतलं, वाचलं आणि म्हणाले, "दुसरी पाठव. खाली नाव ठळक लिही." रॉबसनच्या मानानं हे अगदी किरकोळ. पण त्याच्या वडिलांची ती गोष्ट वाचली तेव्हा मला अब्बा आठवले.

आता आजच्या खेळाडूंकडे येऊ. २०१५ साली मिझूरी विद्यापीठात वर्णद्वेषाच्या घटनांवरून विद्यार्थी आंदोलन करत होते. एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. ७ नोव्हेंबरच्या रात्री फुटबॉल संघातल्या काळ्या खेळाडूंनी जाहीर केलं, विद्यापीठाचे अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. प्रशिक्षक आणि बाकीचा संघ त्यांच्यामागं उभा राहिला. पुढचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. ९ नोव्हेंबरला अध्यक्षांनी राजीनामा दिला.

१९१६ मध्ये एकाला बाहेर बसवलं होतं आणि संघ खेळला. २०१५ मध्ये पोरं स्वतः बाहेर बसली आणि संघ त्यांच्यासोबत राहिला. मला विचाराल तर शंभर वर्षांतला खरा फरक हा आहे. अर्थात सगळं बदललं असं नाही. नेवाडा विद्यापीठातून आलेला कॉलिन कॅपर्निक २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून गुडघ्यावर बसला. तो हंगाम संपला, आणि त्यानंतर कुठल्याही व्यावसायिक संघानं त्याला घेतलं नाही. नावाला आज किंमत मिळते. पण त्या नावाचा माणूस बोलू लागला की लोकांच्या कपाळाला आजही आठ्या पडतात.

रॉबसन १९७६ मध्ये वारला. कॉलेज फुटबॉलच्या मानाच्या दालनात त्याचा समावेश व्हायला १९९५ उजाडलं. २०१९ साली, त्याच्या पदवीला शंभर वर्षं झाली तेव्हा, रटगर्सनं त्याच्या नावाचा चौक उभारला. काळ्या ग्रॅनाइटच्या फलकांवर त्याची हकिकत कोरली आहे. भाच्यानं मला पाठवलेला फोटो तिथलाच.

त्या रात्री मी भाच्याला म्हटलं, "बाबा, पाच मिनिटं टिकला नसता हे मान्य. पण तुझ्या या तीनशे पौंडवाल्यांना विचार, नाव खोडलं तर ते किती वर्षं टिकतील?" तो हसला. मग जरा वेळानं म्हणाला, "मामू, मिझूरीची पोरं टिकली की!"

खरं होतं त्याचं. मी त्याला म्हटलं, तो सामना लाव, मला ती पोरं बघायची आहेत.