सुगीतलं कर्ज

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. त्याच वर्षी मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं लुटली आणि कर्जाची खतं-वह्या जाळल्या. काटकसरीवर बोलायचं तर मला सुप्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

कारण त्या शेतकऱ्यांचं कर्ज नुसतं दुष्काळातलं नव्हतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. पीक हमखास विकलं जाणार म्हटल्यावर सावकार सढळ हातानं पैसे देऊ लागला. १८६५ साली युद्ध संपलं आणि भाव पडले. शेतसारा मात्र वाढवला गेला. आता सावकारानं हात आखडता घेतला, जुन्या खतावर व्याज चढत गेलं आणि जमिनी हातच्या गेल्या. बरे दिवस कायम राहणार, असं धरून काढलेलं ते कर्ज होतं.

आज पगारदार घरात नेमकं हेच घडताना मी पाहतो. पगार वाढला की हप्ता वाढतो. पूर्वी माणूस सावकाराच्या ओट्यावर जायचा, तेव्हा निदान चार पावलं चालताना विचार तरी व्हायचा. आता फोनच विचारतो, ‘कर्ज मंजूर आहे, घेता का?’

क्रेडिट कार्डाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. पन्नास हजार थकले आहेत. बिलावर ‘किमान रक्कम’ पाच टक्के, म्हणजे अडीच हजार. ती भरली की दंड टळतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण महिन्याला साडेतीन टक्के दरानं व्याजच सतराशे पन्नास, त्यावर अठरा टक्के जीएसटी तीनशे पंधरा. अडीच हजारांतून मुद्दल फिटलं अवघं चारशे पस्तीस! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. हे सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि शाळेत आपण चक्रवाढ व्याज शिकलेलो असतो. तरीही शिकलेली माणसं यात अडकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

यातून सुटायची सवय कशी लावायची, त्यासाठी आता परसबागेकडे येतो. चार कुंड्यांनी घराचा हप्ता फिटणार नाही. कढीपत्ता, मिरची, गवती चहा, पुदिना यांतून वाचतात ते थोडेच पैसे. पण हवं ते लगेच विकत आणायचं, ही सवय मोडायला बागेसारखा उपाय मी पाहिलेला नाही. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, पण खुडायला महिनाभर थांबावं लागतं. कोथिंबिरीला आणखी धीर लागतो. धने हलकेच रगडून दोन दळं वेगळी करून पेरावी लागतात. घरात वाट पाहण्याचं असं वळण पडलं की दुकानातली वस्तूही महिनाभर थांबू शकते.

आपल्या आज्यांनी न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ वाढवली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी तीच दृष्टी शास्त्रीय केली. गणिताचे हे प्राध्यापक ‘प्रयोग परिवारा’तून सांगत राहिले की पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा हीच माती घडवण्याची सामग्री. गच्चीवर वाफा करायचा तर विकतच्या महागड्या किटची गरज नाही. फुटकी बादली, तळाला भोकं, नारळाच्या शेंड्या, वाळका पाला, वर थोडी माती. पाणी भाज्या धुतलेलं. बाग करण्यासाठीच हजारो रुपये घालवणारेही भेटतात, तेव्हा मात्र मी आग्रहानं थांबवतो.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. कार्डावर वर्षाला बेचाळीस टक्के व्याज देत असताना बँकेत सहा-सात टक्क्यांची ठेव जपणारी घरं पुष्कळ आहेत. ठेव मोडायला जीव होत नाही, हे मी समजतो. ती आईच्या आजारपणासाठी, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेली असते. तरीही ती मोडा आणि कार्ड आधी मिटवा. मग कार्डापोटी जाणारी तीच रक्कम दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका.