इसबगोल आणि पेलाभर पाणी



आजचा विषय असा आहे की त्याविषयी चारचौघांत बोलायला माणूस संकोचतो. पोट साफ न होणे, ही ती तक्रार. डॉक्टरांकडे गेले तरी बाकीची सगळी दुखणी सांगून होतात आणि ही गोष्ट उठता उठता हळूच सांगितली जाते. तोवर घरच्या घरी उपाय चालू असतातच. कुणी एरंडेल घेतो, कुणी सोनामुखी, कुणी किराणा दुकानातून इसबगोलाची पुडी आणतो. यांपैकी इसबगोल ही खरोखर गुणाची वस्तू आहे. पण ती घेण्याची एक रीत आहे, आणि ती चुकली तर गुणाची वस्तूही अक्षरशः घशाशी येते. तेव्हा आज त्या रीतीचाच विचार करू.

इसबगोल हे हातभर उंचीचे रोप. हे रब्बीचे पीक आहे. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश या भागांत ते पिकते, आणि मेहसाणा जिल्ह्यातले उंझा हे त्याची मोठी बाजारपेठ. पीक मोठे नाजूक. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की बी झडून जाते आणि हातचा घास जातो. बी लहानसे, होडीच्या आकाराचे. त्याचे नाव फारसीतून आले असून त्याचा अर्थ 'घोड्याचा कान' असा सांगतात. या बियांवरची पातळ पांढरी साल वेगळी काढतात. तीच भुशी, दुकानात आपण 'सत इसबगोल' म्हणून मागतो ती.

आता गुरुजींना एक विनंती. वर्गात एक लहानसा प्रयोग करून दाखवा. पेलाभर पाण्यात चमचाभर भुशी टाका आणि ढवळून ठेवा. दहा मिनिटांनी पाहिलेत तर पाण्याची पेज झालेली दिसेल. दुसऱ्या वाटीत तेवढीच भुशी घ्या, पण पाणी मात्र दोनच चमचे घाला. तिथे चिकट, घट्ट गोळा तयार होईल. भुशी तीच, फरक फक्त पाण्याचा. इसबगोलाचे सारे गुण आणि सारे धोके या दोन भांड्यांत आहेत. (मुलांना हे चाखू मात्र देऊ नका.)

पोटात गेल्यावर होते तेही असेच. आपल्या अन्नातल्या ज्या चोथ्याचे पचन होत नाही, तो दोन जातींचा असतो. एक पाण्यात न मिसळणारा, गव्हाच्या कोंड्यासारखा. दुसरा पाणी पिऊन बुळबुळीत होणारा. इसबगोल या दुसऱ्या जातीचे. ते पाणी धरून ठेवते म्हणून कडक झालेला मळ मऊ होतो आणि कुंथावे लागत नाही. मूळव्याधीच्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो. हा परिणाम एका रात्रीत होत नाही, दोन-तीन दिवस लागतात. जुलाबाच्या औषधासारखे ते आतड्याला चाबूक मारीत नाही.

गंमत अशी की पातळ शौचालाही तेच उपयोगी पडते, कारण जादा पाणी ते शोषून घेते. पण जुलाब जोराचे असतील तर इसबगोल शोधत बसू नका. आधी शरीरातले गेलेले पाणी भरून काढायचे. सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी वापरा. ती हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी घोट घोट पाजा, आणि दवाखाना गाठा.

तुम्ही म्हणाल, हल्ली याने रक्तातली चरबी आणि साखरही उतरते असे ऐकतो, ते खरे का? खरे आहे, पण बेताने खरे आहे. आपले यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवते. हा बुळबुळीत गोळा जाताना त्यातले थोडे पित्त बरोबर नेतो. ते भरून काढण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली या गुणाला मान्यता दिली. त्यासाठी दिवसाला सुमारे १० ग्रॅम भुशी, दोन-तीन वेळा विभागून, नेमाने घ्यावी लागते. जेवणाबरोबर घेतल्यास अन्नातली साखर रक्तात सावकाश उतरते. मात्र ही भर आहे, बदली नव्हे. इसबगोल सुरू केले म्हणून मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आता घेण्याची रीत. मोठ्या माणसाने चहाच्या एका चमच्याने सुरुवात करावी. एक भरलेला पेला पाणी घ्यावे, त्यात भुशी ढवळून ती फुगण्याच्या आत पिऊन टाकावी, आणि वर आणखी एक पेला पाणी प्यावे. कोरडी भुशी तोंडात टाकू नये. ती घशातच फुगून अडकू शकते. दुधातून घेण्याची चाल आहे, त्याला हरकत नाही, पण वर पाणी हवेच. घेतल्याबरोबर अंथरुणावर आडवे होऊ नये, झोपण्याच्या तास-दीड तास आधी घ्यावे. पहिले काही दिवस पोटात वारा धरतो, म्हणून प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे. इतर औषधे आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर औषधही त्या गोळ्यात गुरफटून वाया जाते.

ज्यांना गिळायला त्रास होतो, किंवा ज्यांच्या आतड्यात पूर्वी अडथळा झाला आहे, त्यांनी हे घेऊ नये. लहान मुलांना आणि गरोदर बाईला डॉक्टरांना विचारूनच द्यावे. आणि हे नीट ध्यानात ठेवा : शौचातून रक्त जाते, वजन उतरते आहे, वयाची चाळिशी उलटल्यावर शौचाची सवय एकाएकी बदलली आहे, किंवा पोट फुगून उलट्या होतात आणि वाराही सरत नाही, अशा वेळी इसबगोल घेऊन दिवस काढू नका. 'मूळव्याधच असेल' म्हणून महिने दवडले आणि आत वेगळाच रोग वाढत राहिला, असे होते. हा संकोच जिवावर बेततो.

शेवटी मुळाकडे वळू. पुडी ही टेकू आहे, घर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की मोठ्या माणसाच्या रोजच्या अन्नातून निदान २५ ग्रॅम तरी चोथा पोटात जावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम आहे, सडलेल्या तांदळात मात्र तीन ग्रॅमच्याही आत. म्हणजे आपली भाकरी, उसळ, गवार, भेंडी, मेथी, जवसाची चटणी आणि परसातला पेरू हे सारे या कामाचेच मानकरी. भाकरी सोडून पाव-बिस्किटांवर यायचे आणि मग पुडी आणायची, हा उलटा हिशेब झाला.

आणि पाणी! शेतात दिवसभर राबणाऱ्या आपल्या बायाबापड्या मुद्दाम पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो. त्यांच्या बद्धकोष्ठाचे मूळ तिथे आहे. अशा बाईला नुसती भुशी देणे म्हणजे दुसऱ्या वाटीतला तो घट्ट गोळा तिच्या पोटात करणे. तिला आधी हवे ते पाणी, आणि ते निर्धास्तपणे पिता यावे म्हणून शेताजवळ आडोशाची सोय. ती कुठल्या दुकानात मिळत नाही, ती आपणच करायची असते.

तेवढे मनावर घ्या, मंडळी. नमस्कार.