पार्लरमधल्या त्या धुरात नेमकं काय असतं?

पाऊस सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, केस नुसते पिंजारतात गं, केराटिन करून घेऊ का?" तर आज त्यावरच बोलूया.

आधी कबुली देते. मी स्वतः केलंय. दोन वर्षांपूर्वी, मावसबहिणीच्या लग्नाच्या आधी. साडेचार हजार मोजले. केस खरंच मस्त झाले, खोटं कशाला बोलू! पण लक्षात राहिली ती माझे केस करणारी मुलगी. विशीची असेल. प्रेसिंग सुरू झालं, धूर निघाला आणि माझे डोळे असे चुरचुरले की पाणीच यायला लागलं. तिच्या तोंडाला साधा मास्कही नव्हता. म्हटलं, "तुला त्रास नाही होत?" ती हसली. "सवय झाली ताई. संध्याकाळी डोकं दुखतं, तेवढंच."

मी चार महिन्यांतून एकदा तिथे बसणार. ती रोज उभी असते.

म्हणून मग मी थोडं वाचलं. आपला केस मुळातच केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. दमट हवेतला ओलावा केसात शिरला की आतले कच्चे बंध सुटतात, भलतीकडे जुळतात, आणि केस फुगतात. पार्लरवाले म्हणतात, "आम्ही केसाला केराटिन देतो." पण केस सरळ राहतो तो त्या केराटिनमुळे नाही. काम करतं दुसरंच रसायन. बऱ्याच क्रीममध्ये फॉर्माल्डिहाइड असतं, नाहीतर गरम केल्यावर ते सोडणारं काहीतरी. वरून साधारण २३० अंशांचं स्ट्रेटनर फिरवलं की केसातली प्रथिनं त्याच सरळ आकारात एकमेकांना बांधली जातात. तीन-चार महिन्यांत धुऊन धुऊन परिणाम ओसरतो. रीबाँडिंग वेगळं बरं का, त्यात केसातले पक्के बंधच तोडून नव्याने जोडतात, म्हणून ते कायमचं.

आता तो धूर. गरम झाल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू हवेत येतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवते. एकदा केलं म्हणून कॅन्सर होतो, असं मी म्हणत नाहीये हां! प्रश्न आहे किती आणि किती वेळा श्वासात जातं याचा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने २०११ मध्ये सलूनसाठी धोक्याची सूचना काढली होती. 'फॉर्माल्डिहाइड फ्री' लिहिलेल्या काही बाटल्यांमधूनही तो वायू निघत होता!

मग आलं ग्लायऑक्सिलिक ॲसिड. "हे सेफ आहे मॅडम." पण २०२४ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात २६ वर्षांच्या एका मुलीची केस छापून आली. तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. ते त्वचेतून आत गेलं, शरीरात त्याचं ऑक्झलेट झालं आणि त्याचे स्फटिक किडनीत साचले, असं डॉक्टरांचं म्हणणं. ती बरी झाली. इस्रायलमध्येही असे पेशंट सापडलेत. असं दर वेळी होत नाही. पण ट्रीटमेंटनंतर उलट्या, पोटात किंवा कमरेत दुखणं, लघवी कमी होणं असं काही झालं तर "काहीतरी बाधलं असेल" म्हणून बसू नका. डॉक्टरकडे जा, आणि केसांना काय लावलं होतं तेही सांगा.

मग करायचं की नाही? ते तुम्ही ठरवा. फक्त खुर्चीत बसण्याआधी बाटली हातात घ्या. फॉर्माल्डिहाइड, फॉर्मालिन, मिथिलीन ग्लायकॉल, ग्लायऑक्सिलिक ॲसिड ही नावं शोधा. लेबल दाखवत नसतील तर सरळ उठा. टाळूवर जखम किंवा खाज असेल, दमा असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर नकोच. क्रीम टाळूला लागू देऊ नका. आणि खिडकी उघडायला लावा. एसीने धूर बाहेर जात नाही, तो तिथेच फिरत राहतो.

मी परत केलं नाही. ओल्या केसांना लीव्ह-इन क्रीम लावते आणि जुन्या सुती टी-शर्टने टिपते. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. केस लग्नातल्या फोटोसारखे दिसत नाहीत, पण चालतंय.

आणि तुम्ही गेलातच, तर खिडकी उघडायला सांगताना त्या मुलीलाही विचारा, "तुझा मास्क कुठाय?" गिऱ्हाईक बोललं की मालक ऐकतात. ती एकटी बोलली तर कदाचित नाही ऐकणार.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, तुमची आणि तिचीही!