तहान लागण्यापूर्वीची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण केवळ घरापुरती नाही. सार्वजनिक खर्चासही ती लागू पडते. धार जिल्ह्यातील निसरपूर हे त्याचे उदाहरण होय.

सरदार सरोवरामुळे ज्यांना गाव सोडावे लागणार, त्यांच्या नव्या वसाहतींचा हिशेब नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ सालीच मांडून ठेवला होता. पन्नास कुटुंबांमागे एक विहीर, शंभरांमागे प्राथमिक शाळा, पाचशेंमागे दवाखाना. पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याखेरीज कोणतेही क्षेत्र बुडवू नये, अशी अटही होती. पुढे चाळीस वर्षांचा अवधी लाभला. तरीही २०१७ साली सर्वोच्च न्यायालयास मध्य प्रदेशातील ६८१ कुटुंबांना जमिनीऐवजी प्रत्येकी ६० लाख रुपये देण्याचा आदेश द्यावा लागला. २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरला आणि जुने निसरपूर पाण्याखाली गेले.

वेळेवर खणलेल्या विहिरीस पैसा लागतो, हे खरे. परंतु उशिराची भरपाई त्याहून महाग पडते, आणि गेलेली वर्षे ती परत देत नाही. म्हणून अंदाजपत्रकात पाणी, शाळा व दवाखाना यांची मोजणी प्रथम व्हावी. बाकीचा खर्च मागाहून. कारभारातील शहाणपण ते हेच.