थंडी गाडी, गरम संत्रं

आज आम्ही आमच्याच गटाच्या एका फजितीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या दारव्हा-नेर भागात संत्र्याचा बगिचा बहुतेक वेळा व्यापारी झाडावरच उक्ता घेतो. मागच्या मृग बहाराला आम्ही ठरवलं, तोडणी आपली आणि विक्रीही आपलीच. गटातून कर्ज काढून मुंबईसाठी थंड गाडी भाड्यानं केली. फेब्रुवारी संपत आला होता, दुपारचं ऊन चटकत होतं. तोडलेली संत्री तशीच कॅरेटात भरली आणि कॅरेट तसेच गाडीत. एक काकू म्हणाल्याही, "फळ हाताले गरम लागते बाई." आम्हीच म्हटलं, "गाडी थंडी हाय न, होईल थंडं."

मुंबईत दार उघडलं, तर मधल्या थप्पीतली फळं पिचपिचीत झालेली आणि काहींवर बुरशी. तेवढ्या मालाचे पैसे कापले गेले. त्या महिन्याचा हप्ता बायांनी घरून भरला. दोन घरी त्यावरून बोलणीही खावी लागली. सगळ्यांचा राग आधी ड्रायव्हरवर निघाला. पण यंत्राची नोंद पाहिली, तर ते रस्ताभर चालू होतं.

गाडीचं यंत्र थंड माल थंड ठेवायला असतं, तापलेला माल निववायला नाही. तोडलेलं फळही श्वास घेतं, त्यातून ऊब निघते. गरम भाकरी डब्यात झाकली की तिला पाणी सुटतं ना, तसंच आमच्या थप्पीच्या मधोमध झालं.

मग पहाटेच का तोडू नये? संत्र्याला ते चालत नाही. दवानं ओल्या फळाची साल ताठ असते. जरा दाबली की तिच्यातलं तेल फुटतं आणि डाग पडतात. म्हणून आता दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत तोडतो. फळ ओढत नाही, देठाशी कात्रीनं कापतो. मग शेडच्या सावलीत रात्रभर हवेशीर ठेवतो आणि उजाडायच्या आधी गाडी भरतो. भरण्याआधी एका फळात थर्मामीटर खुपसून पाहतो. ते एक फळ वाया जातं, जाऊ द्या.

रिकामी गाडी आधी थंड करून घ्यायची, पण दार उघडं असताना यंत्र बंद ठेवायचं. नाहीतर ते बाहेरची दमट हवा ओढतं आणि आतल्या नळ्यांवर बर्फ धरतो. थंड हवा छताखालून दारापर्यंत जाते आणि खालून परत फिरते. म्हणून वर आणि दाराशी जागा सोडायची. भिंतीवरच्या लाल रेघेच्या वर कॅरेट नाही. हमाल म्हणतात, "दोन कॅरेट अजून बसतात." बसतात, पण आम्ही बसू देत नाही. कॅरेटची भोकं कागदानं बुजवायची नाहीत.

संत्र्याला 6 ते 7 अंश सेल्सिअस ठीक. पण त्याच गाडीत उमरखेडकडची केळी टाकू नका. केळ्याला 13 अंशांच्या खाली थंडी बाधते, साल काळी पडते.

आता दार लावायच्या आधी गटातल्या दोघी आत चढून पाहतात. आकडा वहीत लिहितात आणि ड्रायव्हरची सही घेतात. पहिल्यांदा तो हसला होता. आता स्वतःच विचारतो, "वही कुठं हाय ताई?"