सहकुटुंब, मोटारीने

कुंभकोणमात राहणाऱ्या माणसाला तीर्थयात्रेसाठी घराबाहेर पडण्याचे तसे कारण नाही. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीस आला म्हणजे, गंगा, यमुना, गोदावरी यांच्यासह नऊ नद्या येथील महामहम तलावात येतात, अशी श्रद्धा आहे. २०१६ साली त्या येऊन गेल्या. आता २०२८ साली येतील. गंगाच दारी येत असताना आपण तिच्या दारी का जावे? तरीही माणसे जातात, आणि कावेरीकाठच्या मराठी मंडळींना तर या गोष्टीची जुनीच ओढ आहे.

तंजावरचे दुसरे सरफोजी राजे १८२० साली काशीयात्रेस निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे तीन हजार माणसे होती. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला होता. त्यामुळे राजालाही आधी इंग्रजांची अनुमती घ्यावी लागली. म्हणजे परवान्याची कटकट आजची नव्हे. या यात्रेत राजांनी ग्रंथ जमवले, ते सरस्वती महालात आले. प्रवासाचा एवढा टिकाऊ हिशेब फार थोड्यांनी मागे ठेवला असेल.

अलीकडे माझे एक स्नेही अशाच, पण पाच माणसांच्या, यात्रेची आखणी घेऊन आले. घरचे मराठीच, पिढ्यान् पिढ्या येथे राहिलेले. पतिपत्नी, सोळा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजीबाई. स्वतःच्या मोटारीने नेपाळ आणि भूतान पाहून यायचे. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे कागदपत्रांचा भाग त्यांनी माझ्याकडे सोपवला.

कुंभकोणमास सर्वांत जवळचा परदेश म्हणजे श्रीलंका. नागपट्टणमहून कांकेसंतुरैला २०२३ च्या ऑक्टोबरात बोट सुरू झाली, परंतु ती उतारूंची. मोटार तीत जात नाही. पूर्वेकडे मणिपुरातील मोरेहून ब्रह्मदेशात शिरून थायलंड गाठता येईल असे काही वर्षे वाटत होते. २०१८ साली ती सीमा प्रवाशांना खुली झालीही. पण २०२१ चे लष्करी बंड आणि २०२३ पासूनचा मणिपुरातील हिंसाचार यांनंतर मुलाबाळांसह त्या वाटेला जाणे शहाणपणाचे राहिले नाही. दूरच्या अनेक देशांत मोटारीसाठी कार्ने नावाची पुस्तिका लागते. गाडी परत नेईन, तेथे विकणार नाही, अशी ती हमी. आत जाताना एक शिक्का आणि बाहेर पडताना दुसरा. तो दुसरा शिक्का राहिला, तर अनामत रक्कम अडकते. नेपाळ-भूतानला तिची गरज पडत नाही.

नेपाळच्या हद्दीत शिरताना ‘भंसार’, म्हणजे जकात, भरावी लागते, तीही जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची. दोन दिवस जास्तीचे भरावेत असे मी सुचवले. डोंगरातला रस्ता एखाद्या दरडीने अडला, तर मुदत उलटून दंड बसतो. आधारकार्ड खिशात असले म्हणजे झाले असे आपण समजतो. भूतानात ते चालत नाही, पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र लागते. शिवाय २०२२ पासून भूतानात भारतीय प्रौढास दर रात्री बाराशे रुपये शुल्क आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांस निम्मे. या कुटुंबाला चार रात्रींचे एकवीस हजार सहाशे रुपये केवळ त्या शुल्कापोटी लागतील. बहुतेकांच्या ध्यानी न येणारी गोष्ट मात्र विम्याची. आपल्या मोटारीचा विमा देशाच्या सीमेवर थांबतो. जादा हप्ता भरून शेजारच्या देशांची नावे त्यावर चढवून घ्यावी लागतात.

कागद जुळतात हो! माणसे जुळवणे कठीण. कुंभकोणमहून चेन्नई, नागपूर, वाराणसी, गोरखपूर अशा वाटेने सोनौलीची सीमा अडीच हजार किलोमीटरांच्या आसपास. स्नेह्यांनी ते अंतर चार दिवसांत बसवले होते. चाक हाती धरणारा पुरुष नेहमी स्वतःच्या उत्साहाने अंतर मोजतो. मागे बसलेल्या म्हातारीचे गुडघे त्या हिशेबात नसतात. सपाटीवर दिवसाला चारशे, डोंगरात दीडशे, आणि अंधार पडल्यावर चाक थांबलेच पाहिजे, असा हिशेब मी मांडला. जाणे, काठमांडू, तेथून पूर्वेस काकडभिट्टा, मग सिलिगुडी, फुंटशोलिंग, थिंफू आणि परतणे, महिन्याखाली हे बसेना.

महिना कोणता, यावर घरात खरा वाद झाला. मुलांना सुटी मे महिन्यात. पण मे महिन्यात तेलंगण आणि विदर्भ ओलांडणे आजीबाईंच्या जिवावरचे. पावसाळ्यात नेपाळचा रस्ता नको. २०२४ च्या जुलैत नारायणगढ-मुग्लिन मार्गावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत गेल्या. उरला ऑक्टोबर-नोव्हेंबर. डोंगर तेव्हा स्वच्छ असतात, पण शाळा चालू असतात, आणि इकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होत असतो, म्हणजे मागे घराची राखण कोणी करायची हाही प्रश्न. सून म्हणाली, शाळा बुडवायची नाही. मुलगा यंदा अकरावीत. पुढच्या वर्षी बारावीची परीक्षा. त्यानंतर तो कोणत्या गावी शिकायला जाईल कोण जाणे. आजीबाईंना पशुपतीनाथ पाहायचा आहे, तोही नातवंडांबरोबर. थांबायचे म्हटले, तर दोन वर्षे थांबावे लागेल, आणि चौऱ्याहत्तरचे शहात्तर होतील.

‘आम्ही विमानाने काठमांडूला जाऊन येऊ, आई,’ असे स्नेही एकदा म्हणाले. आजीबाई उत्तरल्या, ‘मग मोटार कशाला घेतलीस रे?’

मी ऑक्टोबरच्या बाजूने मत दिले. तीन-चार आठवड्यांचा अभ्यास घरी भरून काढता येतो. शाळेनेही, पालकांनी लेखी हमी दिल्यावर, रजा मान्य केली आहे. आजीबाई सपाटीचा लांब टप्पा आगगाडीने करतील. सून त्यांच्याबरोबर गोरखपूरला उतरेल आणि मोटार तेथे येऊन मिळेल. मोटारीत तेवढ्याच दोन जागा रिकाम्या होतात, त्यांत मुलगीला झोपता येईल. काठमांडूत तीन दिवस काहीही न करता राहायचे, हेही लिहून घेतले आहे. दसऱ्याच्या आसपास नेपाळात कचेऱ्या बंद असतात, म्हणून दसरा येथेच करून निघायचे.

पितळी कॉफीचे फिल्टर बरोबर न्यायचे की नाही, एवढे अजून ठरलेले नाही. विम्याचा अर्ज मात्र या सोमवारी जाईल.