पंचविशीतील राणीचा कारभार

(मालवण येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की सिंधुदुर्गाची तटबंदी दिसते आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव ओठांवर येते. ते स्वाभाविकच आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या दुर्गाचा पाया घातला गेला तो महाराजांच्याच आज्ञेने. परंतु याच तटाआड १७०८ साली महाराजांच्या स्नुषा महाराणी ताराबाई आश्रयाला आल्या होत्या, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? औरंगजेबापुढे सात वर्षे न वाकलेल्या या राणीला पन्हाळा सोडून समुद्र गाठावा लागला, तो आपल्याच पुतण्याच्या सैन्यामुळे. हे असे का घडले, याचे उत्तर त्यांच्या राज्य चालविण्याच्या रीतीतच आहे, आणि आज मला त्या रीतीविषयीच बोलायचे आहे.

आपल्याकडे राज्यकर्त्या स्त्रीचा विषय निघाला की शिकलेल्या माणसाला प्रथम इंग्लंडची पहिली एलिझाबेथ आठवते. आठवावीच, बाई विलक्षण होती. १५५८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी ती सिंहासनावर बसली आणि १६०३ पर्यंत राहिली. पण तिच्या पायाखाली काय होते ते पाहा. स्थिर राजधानी, मुरलेले मंत्रिमंडळ, सेसिलसारखा कारभारी, वॉल्सिंगहॅमसारखा हेरांचा सूत्रधार, आणि भोवती समुद्राचा खंदक. ताराबाईही पंचविशीतच होत्या. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज निवर्तले, तेव्हा त्यांच्या हाती चार वर्षांचा मुलगा होता आणि साताऱ्याला खुद्द बादशहाचा वेढा पडलेला होता. खजिना रिता होता. राजधानी म्हणावी असे एकही ठिकाण निर्धास्त नव्हते. घरात सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी. रामचंद्रपंत अमात्यांसारख्या अनुभवी पुरुषाचे मनही प्रारंभी कैदेतील शाहू महाराजांच्या हक्काकडे झुकलेले. हंबीरराव मोहित्यांच्या या कन्येने मुलाला गादीवर बसविले आणि शंकराजी नारायण व परशुराम त्रिंबक यांना हाताशी धरून कारभार आपल्याकडे घेतला. रामचंद्रपंतांनाही त्यांनी दूर लोटले नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

त्यांच्या युद्धनीतीत शौर्याइतकाच हिशेब होता. बादशहा एकेक गड घेत निघाला होता. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. यांतला एक तोरणा सोडला, तर बहुतेक गड त्याला लढून असे मिळालेच नाहीत. किल्लेदाराने महिनोन्महिने वेढा झुंजवावा, शत्रूचे पैसे, जनावरे, माणसे खर्ची पडू द्यावीत आणि मग मोबदला मोजून घेऊन गड खाली करावा, ही त्या काळची रीत. विशाळगड जून १७०२ मध्ये असाच दोन लाख रुपयांना गेला. पुढे काय झाले? तेथून पन्हाळ्याला परतताना बादशाही लष्कर सह्याद्रीच्या पावसात सापडले. तीसेक मैलांच्या वाटेला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला! आंबा आणि फोंडा घाटांचा आषाढ पाहिलेल्या आपल्या लोकांना त्याचे नवल वाटणार नाही. शत्रूच्याच पैशाने शिबंदी पुन्हा उभी राही. सिंहगड, राजगड पुढे काही वर्षांत परतही आले.

गड भांडवल म्हणून वापरायचे आणि खरे युद्ध शत्रूच्या मुलखात न्यायचे, असे हे धोरण होते. मराठी फौजा माळव्यात शिरल्या. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत रतनपूरजवळ मोगलांचा दणदणीत पराभव केला. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. ताराबाईंविषयी त्याची लेखणी कडवट आहे. तरीही त्यांनी सरदारांची मने जिंकली आणि बादशाही मुलखात मराठ्यांनी आपले कमावीसदार व राहदार नेमले, हे त्याला लिहावे लागले. शत्रूच्या सुभ्यात वसुलीची चौकी बसविणे हे लुटीपेक्षा पुष्कळ वेगळे आहे. तो कारभार आहे.

पण रित्या खजिन्यावर ही माणसे लढत होती कशासाठी? येथे एलिझाबेथचे उदाहरण उपयोगी पडते. तिने ड्रेकसारख्या दर्यावर्दींना स्पेनची गलबते लुटण्याची मोकळीक दिली; खर्च बराचसा त्यांचा, नफ्यात वाटा राणीचा. ताराबाईंनी राजाराम महाराजांच्या काळी सुरू झालेली रीत पुढे चालविली. जो मुलूख सरदार जिंकील, तो त्यानेच सांभाळावा. थोरल्या महाराजांना वतने आणि सरंजाम वाढविणे मान्य नव्हते, हे खरे. पण रोख पगार देणारा खजिना त्यांच्यापाशी होता. ताराबाईंना दोष देणारे इतिहासलेखक हा भेद विसरतात, असे माझे मत आहे.

तरीही या रीतीची किंमत होतीच. ड्रेक परतला की इंग्लंडच्याच बंदरात येई. आमचा सरदार जिंकलेल्या मुलखातच रुजला, आणि त्याची निष्ठा राणीपेक्षा घराण्याकडे आणि स्वतःच्या सरंजामाकडे अधिक राहिली. मोगलांनी नेमके हे हेरले. औरंगजेब १७०७ च्या मार्चमध्ये मेला. मे महिन्यात आज्जमशहाने शाहू महाराजांना सोडून दिले. मराठ्यांत दुही माजावी, हाच हेतू. एलिझाबेथने आपली प्रतिस्पर्धी मेरी हिला एकोणीस वर्षे स्वतःच्या कैदेत ठेवले होते. ताराबाईंचा प्रतिस्पर्धी शत्रूच्या छावणीत वाढला होता. आलेला शाहू तोतया आहे, असे त्यांनी जाहीर केले. खातरजमा करायला धनाजींना धाडले, आणि धनाजी तिकडेच मिळाले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडच्या लढाईत निकाल लागला.

पुढच्याच वर्षी पन्हाळा गेला. ताराबाई रांगण्याला आल्या. आपल्या कुडाळ तालुक्यातील नारूरहून ज्याची चढण लागते, तोच हा गड. शाहू महाराजांनी त्यालाही वेढा घातला, तेव्हा त्या तळकोकणात उतरून सिंधुदुर्गावर गेल्या. रांगणा लढविला तो रामचंद्रपंतांनी! आठ वर्षांपूर्वी ज्यांचे मन शाहू महाराजांकडे होते, तेच अमात्य. मोठमोठे सरदार निघून गेले असताना हा वृद्ध मुत्सद्दी राणीपाशी का राहिला, याचा अभ्यासकांनी अजून विचार करायला हवा. पावसाळा आला आणि वेढा उठवावा लागला. ताराबाई पन्हाळ्याला परतल्या.

१७१४ मध्ये राजसबाईंच्या पक्षाने त्यांना पुत्रासह कैदेत टाकले. त्यानंतरही त्या सत्तेचाळीस वर्षे जगल्या, पानिपतचा आघातही त्यांनी पाहिला. तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. करवीरची गादी मात्र टिकली. एप्रिल १७३१ मध्ये वारणेच्या तहाने शाहू महाराजांनी तिला मान्यता दिली, आणि सिंधुदुर्ग करवीरकरांकडेच राहिला.